एनव्हीएलच्या जागी कोअलेस: एवढ्यावर भागत नाही
ओरॅकल डेटाबेसमधलं फंक्शन पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नेताना एनव्हीएल (किंमत नल, म्हणजे ‘काहीच नाही’, असेल तर डीफॉल्ट देणारं) काढून त्याच कामाचं कोअलेस लिहिलं की ते चालतं, असं सांगितलं जातं. चालतं, एररही येत नाही, पण उत्तर बदलू शकतं. ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगलाच (एकही अक्षर नसलेल्या मजकुराला) नल धरतं, पोस्टग्रेस धरत नाही. त्यामुळे ॲपकडून रिकामी स्ट्रिंग आली तर कोअलेस तीच परत देतं, डीफॉल्ट येतच नाही. म्हणून कोअलेसच्या आत नलइफ लावा, ते रिकाम्या स्ट्रिंगचं नल करतं. स्ट्रिंग जोडण्याचंही तेच: मधलं नाव नल असेल तर दोन उभ्या रेघांनी (||) जोडलेलं अख्खं नावच पोस्टग्रेसमध्ये नल होतं. तिथे कॉनकॅट वापरा, ते नल सोडून देतं. आणि कृपा करून आत्ताची वेळ देणाऱ्या ओरॅकलच्या सिसडेटच्या जागी सरसकट पोस्टग्रेसचं नाऊ टाकू नका! नाऊ ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणारा कामांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं. लांबलचक लूपमध्ये लॉगच्या सगळ्या ओळींवर एकच वेळ पडते. तिथे त्या त्या क्षणाची वेळ देणारं क्लॉक टाइमस्टँपच हवं.