मिरगाच्या तोंडावर कोंबडी खुडूक बसलीय, अंडी ठेवू की नको?

पडवीतली_ताई (गुहागर तालुका)
नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. आमची एक गावठी कोंबडी चार दिवस झाले खुडूक बसलीय, म्हणजे अंडी उबवायला बसून राहते, हात लावायला गेलं की अंग फुगवून टोचते, खायला पण दिवसातून एकदाच उतरते. माझ्याकडे ११ अंडी आहेत पण आज २२ मे, म्हणजे २१ दिवस धरले तर पिल्लं १२ जूनला फुटणार आणि तेव्हा आमच्याकडे पाऊस धो धो. गेल्या वर्षी जुलैत १४ पिल्लं होती, आठवडाभरात एकेक करून गेली. पंख पाडून कोपऱ्यात उभी राहायची, शीट लालसर, सकाळी बघावं तर दोन आडवी. सासूबाई म्हणतात पावसाळ्यात कोंबडीचा नाद करू नये. मिस्टर मुंबईला, ते फोनवर म्हणतात एवढी बसलीय तर बसव की. दुसरं म्हणजे दोन अंडी हातात घेतानाच पिचली, कवच कागदासारखं झालंय. काय करू?

कुडाळचो_झील
अगो बाय, मिरगात रवण, म्हणजे अंडी उबवूक, ठेव नको. आमची आये सांगा, ढग गडगडले की अंडी मोडतत. ती अंड्यांखाली लोखंडाचो खिळो ठेवी, तरीय निम्मी नासकी निघत. माझा ऐकशीत तर गणपती जावंदेत, दसऱ्याच्या सुमाराक बसव, पिल्लां बघ कशी गोंड्यासारखी होतत. आणि आता मिरगाक कोंबो कापूचो असता, त्या आधी बघ. हाहा

जुना_ड्रेसर
खिळ्याचं राहू दे बाजूला, पण झील म्हणतोय ते निम्मं बरोबर आहे. मी नोकरीची तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली, पावसाळ्यात लोक मेलेली पिल्लं पिशवीत घालून घेऊन यायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "काहीतरी रोग आलाय वाडीत". ताई, लाल शीट, पंख पाडणं, हे ऐकून मला तरी रक्ती हगवण वाटते. ती ओल्या भुशात वाढते. खाली तूस टाकलं, त्यावर पाण्याचं भांडं सांडलं, वरून कौलातून गळती, मग पिल्लू तेच टोचत बसतं. गडगडाटाचा काही संबंध नाही.

त्यामुळे अंडी फुटतील की नाही याची काळजी करू नका, फुटल्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे कुठे ठेवणार ते सांगा. कोरडी जागा असेल तर खुशाल बसवा. बाहेरच्या खुराड्यात ठेवणार असाल तर बसवू नका, सरळ. मग खुडूक मोडायची तर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, खाली गवत नको, पोटाला वारा लागला पाहिजे, चार-पाच दिवसांत विसरते. पाण्यात बुचकळू नका, नाकात पीस तर अजिबात घालू नका, अजूनही करतात लोक.

पडवीतली_ताई
दादा, पडवीला लागून जुनी चुलीची खोली आहे, खाली शेणाने सारवलेलं, गळत नाही. पण तिथे बल्ब लावला तरी पावसात आमच्याकडे लाइट दोन-दोन दिवस नसते, पिल्लांना ऊब कुठून देऊ?

जुना_ड्रेसर
अहो कोंबडी आहे ना! बल्ब विकतच्या पिल्लांना लागतो, त्यांना आई नसते. तुमची खुडूक बसलेली कोंबडी हाच बल्ब, आणि तिला लाइट लागत नाही. फक्त तिला पिल्लांसकट डालग्याखाली ठेवायचं, तूस जाड घालायचं, दर दोन दिवसांनी हाताने खालवर करायचं आणि मुठीत धरून बघायचं, गोळा झाला तर ओला, काढून टाका. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे त्यात पाय घालणार नाहीत. महिनाभर ओल्या गवतात सोडायची नाहीत, आई कितीही ओरडली तरी.

श्रीवर्धनची_वहिनी
ताई कवचाचं मी सांगते. कॅल्शियम कमी पडतंय, कोंड्यावर आणि कणीवरच असतील ना कोंबड्या? आम्ही तिसऱ्या खाल्ल्या की शिंपल्या टाकत नाही, चुलीत भाजायच्या म्हणजे ठिसूळ होतात, पाट्यावर कुटायच्या आणि वेगळ्या वाटीत ठेवायच्या, ज्या कोंबडीला हवं ती खाते. पिठासारखं बारीक करू नका, जाडसर कण ठेवा. सुकटीचा भुगा पण घालते मी पण मूठभरच, एकदा जास्त झाला तर अंड्याला सुकटीचा वास यायला लागला, पाहुण्यांनी ऑम्लेट खाऊन विचारलं यात बोंबील आहे का.

आणि अंडी कुठे ठेवली आहेत? फ्रिजमधली असतील तर बसवू नका, आमचं एकदा अख्खं रवण वाया गेलं त्यात. धुवू पण नका. आठवड्याच्या आतली घ्या, मे महिन्यात उकाडा आहे म्हणून माठाशेजारी गार जागी. ११ म्हणजे बरोबर, एका कोंबडीला १०-१२च्या वर पोटाखाली घेता येत नाहीत.

कुडाळचो_झील
बोंबलाचा ऑम्लेट, आमका रेसिपी दी गो वहिनी

जुना_ड्रेसर
एक राहिलं. सातव्या दिवशी रात्री बुटाच्या खोक्याला भोक पाडून आत मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर अंडं धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, नुसता पिवळसर उजेड दिसला तर काढून टाका, नाहीतर ते नासून फुटतं आणि बाकीच्यांची वाट लावतं.

आणि मानमोडीची लस विसरू नका, रक्ती हगवणीवर औषध आहे पण मानमोडी आली की औषध नाही, मान वाकडी होते आणि अख्खी वाडी साफ. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाची लस, डोळ्यात एक थेंब. अडचण अशी की बाटली १०० डोसची येते आणि पातळ केली की तासा-दोन तासात संपवावी लागते. म्हणून लोक आणतच नाहीत, ११ पिल्लांसाठी कशाला म्हणून. शेजारपाजारच्यांना गोळा करा. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची, बॅगेत तशीच टाकून एसटीने आणली तर पाणी टोचल्यासारखंच. मग १४व्या दिवशी गंबोरो रोगाची लस, २८व्या दिवशी परत लासोटा, ८ आठवड्यांनी मानमोडीचीच आर-टू-बी लस. तुमच्या दवाखान्यात तारखा विचारून घ्या.

पडवीतली_ताई (२१ जून)
उशिरा लिहितेय, लाइट नव्हती. २३ मेला बसवली होती. सातव्या दिवशी बघितलं तर दोन अंडी रिकामी, काढली. उरलेल्या ९ पैकी ८ फुटली, एक पिल्लू आतच गेलं, चोच बाहेर आली होती नुसती. आठही चुलीच्या खोलीत आहेत, चार दिवस पाऊस थांबला नाही पण तूस कोरडं आहे, मी रोज मुठीत धरून बघते, सासूबाई हसतात.

लसीचं मात्र मजेशीर झालं. मी सहा घरात सांगितलं, कोणी हो म्हणेना, मग सासूबाईच छत्री घेऊन निघाल्या (पावसाळ्यात नाद करू नये म्हणणाऱ्या!) आणि तासाभरात पडवीत सत्तर-ऐंशी कोंबड्या, कोणाच्या गोणीत कोणाच्या डालग्यात, शेजारच्या काकांचा कोंबडा तर सुटून माळ्यावर चढला. एकच बाटली, सगळ्यांच्या डोळ्यात एक एक थेंब. तरी थोडी उरली, ती दवाखान्यातल्या दादांनी सांगितलं तशी उकळत्या पाण्यात टाकली.

आता एकच विचारायचंय, तो कोंबडा अजून माळ्यावरच आहे, उतरवायचा कसा?

कुडाळचो_झील
मिरग गेलो ताई, नायतर मी इलय असतंय