अनुभव धागा : शेवटच्या सायकलसोबत कोण?

नमस्कार मंडळी. क्लबच्या रविवारच्या राइडचे आता तीन गट झाले आहेत, महिन्यातून एकदा दुरुस्तीचा वर्ग भरतो आणि टँडेम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकलही आली आहे. या बातम्या तुम्हाला ठाऊक आहेतच, फोटोही बघता. पण त्या फोटोंत कायम पुढचेच लोक दिसतात. मला इथे मागच्यांबद्दल वाचायचं आहे. सगळ्यात मागे चालणाऱ्या सायकलचं काय होतं, यावर हौशी क्लब टिकतो की मोडतो ते ठरतं, असं माझं ठाम मत आहे. वेग आणि चढाईचे आकडे ॲपवर राहू द्या. तुम्ही मागे पडलात तेव्हा काय झालं, किंवा दुसरं कोणी मागे पडलं तेव्हा तुम्ही काय केलंत, ते लिहा. इतर क्लबच्या मंडळींनीही जरूर लिहा.

*

मीच सुरुवात करते. शाळेत होते तेव्हा बिनगिअरची सायकल चालवायचे, त्यानंतर थेट निवृत्त झाल्यावर. क्लबच्या पहिल्याच राइडला मोठा चढ लागला आणि बघता बघता सगळे दिसेनासे झाले. एक मुलगा मात्र मागेच होता. "काकू, उतरू नका. चढ जाणवायच्या आधीच गिअर हलका करायचा. जोर लावलेला असताना बदलला तर चेन कुरकुरते." मग म्हणाला, पाय भराभर फिरू देत, वेग पडला तरी चालेल. जड गिअर रेटत बसलं की सगळा भार गुडघ्यांवर येतो, हे मला तेव्हा कळलं.

वर पोचल्यावर त्याने माझी सीट पाहिली. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेलं की पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. माझा चांगलाच वाकत होता. सीट थोडी वर घेतली आणि उरलेला रस्ता वेगळाच वाटला.

पण मी क्लबमध्ये राहिले ते दुसऱ्याच कारणाने. वर थांबलेले लोक मी पोचल्या पोचल्या निघाले नाहीत. पुढचे लवकर येतात, निवांत बसतात, आणि शेवटचा आला की लगेच "चला" होतं. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते. इथे लीडर म्हणाला, "काकूंचं पाणी पिऊन होऊ दे, मग बघू."

*

काकूंनी शेवटी लिहिलंय ते क्लबच्या नियमांत अगदी वर छापायला हवं.

मी बऱ्याचदा स्वीप असतो, म्हणजे सर्वांत मागे राहण्याची जबाबदारी माझी. नवीन स्वीपना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्वीपच्या मागे कोणीही राहता कामा नये. कोणी थांबलं की स्वीप थांबतो आणि लीडरला फोन करतो. वळणावर कोणीतरी उभं राहतं आणि स्वीप दिसेपर्यंत हलत नाही. एवढं पाळलं तर रस्ता माहीत नसलेला माणूसही चुकत नाही.

पिशवीत ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, चेन तोडायच्या अवजारासह मल्टिटूल आणि प्रथमोपचाराचं सामान. पंप दोन्ही प्रकारच्या व्हॉल्व्हला चालणारा हवा : काहींचा बारीक प्रेस्टा असतो, काहींचा मोटारीसारखा जाड श्रेडर. आणि पंक्चर झालं की ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. काच किंवा बारीक तार तिथेच अडकलेली असेल तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते.

आता वाऱ्याबद्दल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सपाट रस्त्यावर घोळक्यात चालणाऱ्याला पुढच्याचा आडोसा मिळतो आणि मेहनत बरीच वाचते. म्हणजे घोळक्यातून सुटलेला माणूस आधीच दमलेला, आणि त्यात सगळा वारा तो एकटा खातो. पाच मिनिटांपूर्वी आरामात चाललेला माणूस अचानक कोलमडतो तो यामुळे. वारा समोरून असेल तर मी मागे न राहता त्याच्या पुढे येतो, माझ्या आडोशाने चालायला लावतो. फक्त त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाच्या बाजूला येऊ देत नाही, कारण चाकाला चाक घासलं की मागचा पडतो. चढावर या आडोशाचा फारसा उपयोग नाही. तिथे लढाई वजनाशी असते, म्हणून तिथे नुसती सोबत करायची.

आणि एक. "आलंच आता" असं खोटं सांगू नका. तीन किलोमीटर राहिले असतील तर तीनच सांगा. माणूस त्या हिशोबाने दम राखतो.

*

थोडा वेगळा सूर लावतो. मला वेगाने जायला आवडतं, आणि दर वळणावर थांबणाऱ्या राइडमध्ये अंग गार पडतं ही माझी खरी अडचण आहे. वेगवानांनी नेहमी मन मारायचं, हा न्याय नाही.

हा वाद जुना आहे. फ्रान्समध्ये 1904 साली टूर द फ्रान्स शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या प्रेरणेने ऑडॅक्स नावाच्या लांब पल्ल्याच्या राइड सुरू झाल्या. तिथे सगळ्यांनी एकत्र, कॅप्टनने ठरवलेल्या वेगाने जायचं. 1921 पासून ऑडॅक्स क्लब पॅरिसियनने ज्याने त्याने आपल्या वेगाने जायच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइड, सुरू केल्या. आज जगभर चालतात त्या याच : 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. एकत्र जाण्याची जुनी पद्धतही संपली नाही. मला यातलं शहाणपण हे दिसतं की दोन्ही राइड वेगळ्या ठेवल्या, आणि कोणती कुठली ते आधी सांगितलं.

आपल्या क्लबने तीन गट केले ते म्हणूनच मला पटलं. वेगवान गटात ज्याचा तो जबाबदार. मधल्या गटात ठरलेल्या जागी थांबायचं. निवांत गटात मात्र कोणालाही सोडायचं नाही. फसवणूक तेव्हाच होते जेव्हा निवांत राइड म्हणून बोलावतात आणि पहिल्या पुलानंतर पुढचे उधळतात. महिन्यातला एक रविवार मी आता निवांत गटात लीडर असतो. पुढे राहून वेग आवरणं हे वेगवान जाण्याइतकंच कसबाचं काम आहे, आणि मला ते मनापासून आवडू लागलंय.

*

टँडेमचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मला दिसत नाही. टँडेमवर मी मागे बसतो, त्याला स्टोकर म्हणतात. पुढचा पायलट. हँडल, ब्रेक, गिअर त्याच्याकडे, ताकद दोघांची. पॅरालिम्पिकमध्येही दृष्टिहीन सायकलपटू असेच डोळस पायलटबरोबर शर्यतीत उतरतात.

दोघांची पॅडल एकाच लयीत जोडलेली असतात. पायलटने न सांगता पाय थांबवले की माझ्या पायांना हिसका बसतो. म्हणून चांगला पायलट सतत बोलतो : "गिअर", "पाय थांबव", "उजवीकडे वळण", "खड्डा". या शेवटच्या शब्दावर मी सीटवरून किंचित उठतो. टँडेमचं वजन जास्त, त्यामुळे चढावर आम्ही मागे आणि उतारावर सगळ्यांच्या पुढे. त्या वेगात चेहऱ्यावर येणारा वारा मला दुसरं कोणतंही वाहन देत नाही.

एक विनंती. पायलट होऊ इच्छिणाऱ्यांनी आधी मोकळ्या मैदानावर डोळस माणसाला मागे बसवून सराव करा. निघणं आणि थांबणं यातच खरी परीक्षा असते. आणि वाटेत काय दिसतंय ते सांगत राहा. रस्ता मलाही बघायचा असतो.

*

दुरुस्तीच्या वर्गाबद्दल दोन ओळी. चेनला तेल बाहेरून लागत नाही, आतल्या रोलरना लागतं. एकेका कडीवर थेंब सोडा, पॅडल उलटं फिरवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि बाहेरचं सगळं पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं. घरच्या सायकलवर पंक्चर काढायला शिकलेल्या आमच्या क्लबमधल्या बायका आता एकट्या लांब जातात, वर्गाचा हा सर्वांत मोठा फायदा.

*

खड्ड्यांच्या इशाऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही! पुढचा हाताने खड्डा दाखवतो, तो इशारा प्रत्येकाने मागे पोचवायचा. मधल्या एकाने जरी कंटाळा केला तरी साखळी तुटते, आणि खड्डा दिसतो तो शेवटच्याला, चाकाखाली आल्यावर. मी आमच्या क्लबची खड्ड्यांची यादी ठेवते. जागा, फोटो, तारीख लिहून संबंधित कार्यालयात देते आणि पाठपुरावा करते. सायकल क्लबचं हे फार जुनं काम आहे. इंग्लंडमध्ये 1878 साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या टूरिंग क्लबने धोक्याच्या उतारांवर स्वतः पाट्या लावल्या होत्या. अमेरिकेत 1880 साली सुरू झालेल्या लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनने चांगल्या रस्त्यांची चळवळ उभारली, तीही मोटारी सर्वत्र होण्याच्या कितीतरी आधी. राइडच्या फोटोंबरोबर खड्ड्यांचेही फोटो पाठवत जा, लीडर मंडळी.

*

माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सायकल सुटली असंच मी धरून चालले होते. डॉक्टरांच्या परवानगीने ई-बाइक घेतली. पॅडल मारलं तरच मोटर मदत करते. युरोपीय संघाच्या नियमांत अशा सायकलची मोटर 250 वॅटची आणि मदत ताशी 25 किलोमीटरपर्यंतच, त्यापुढे आपले पाय. क्लबमध्ये काहींनी "ही सायकलिंग नव्हेच" असं म्हटलं, ते लागलं मनाला. पण स्वीपदादांचं वाचून सुचलं : चढावर मागे वळून पुन्हा खाली जायला मला काही वाटत नाही. दमलेल्या माणसाजवळ दोनदा-तीनदा जाऊन येऊ शकते, त्याची पिशवीही घेऊ शकते. मला स्वीपच्या यादीत घ्याल का? लांबच्या राइडला बॅटरी किती पुरते ते चढावर आणि मदतीच्या पातळीवर ठरतं, म्हणून सध्या निवांत गटाच्या राइडच द्या. पुढच्या रविवारी मी मोकळी आहे.