ब्रायन ऑर्सर, कोच आणि आपले स्केटिंगचे अनुभव

कॅनडाचा ब्रायन ऑर्सर फिगर स्केटिंगचा, म्हणजे बर्फावर उड्या-गिरक्या घेत संगीतावर घसरण्याच्या खेळाचा, १९८७ चा जगज्जेता. ऑलिंपिकला मात्र १९८४ आणि १९८८, दोन्ही वेळा रौप्यच. पुढे त्याच्या हाताखाली किम यू-ना (२०१०) आणि युझुरू हान्यू (२०१४, २०१८) यांनी सुवर्ण मिळवलं. त्याला खेळताना पाहिलेले, मुलांना रिंकवर (स्केटिंगच्या मैदानावर) नेणारे, जुन्या खेळाडूकडे शिकलेले, सगळ्यांनी लिहा.

टोरांटोहून
१९८८ चं कॅलगरीचं ऑलिंपिक मी टीव्हीवर पाहिलं. कॅनडात नवीनच होतो, या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. उद्घाटनाला देशाचा झेंडा ऑर्सरच्याच हाती, त्यामुळे सगळ्यांची भिस्त त्याच्यावर. शेवटच्या फेरीत नऊपैकी पाच परीक्षक अमेरिकेच्या ब्रायन बॉइटानोच्या बाजूने, चार याच्या. सोमवारी कामावर कोणी धड बोलेना. त्याआधी १९८४ ला साराजेव्होच्या ऑलिंपिकमध्ये तर संगीतावरच्या दोन्ही फेऱ्यांत, छोट्या आणि मोठ्या, हा पहिला होता. बर्फावर ठरावीक आकृत्या कोरायच्या फेरीत सातवा आला, तिथे सुवर्ण गेलं. मला अजून हळहळ वाटते.

मिसिसॉगाहून
माझ्या मुलीची कोच स्वतः स्पर्धा गाजवलेली आहे. पहाटे रिंकवर पोचायचं, बोटं गारठलेली असताना बुटांच्या नाड्या करकचून आवळायच्या, आणि मग महिनोन्‌महिने नुसतं घसरणं. उड्या नाहीत! लेक वैतागली. एकदा बाईंनी तिला थांबवलं, गुडघ्यावर बसल्या आणि बुटाखालच्या पात्याचा बर्फावरचा माग दाखवला. दोन रेघा उमटल्या तर पातं सपाट पडलंय; एकच रेघ हवी, म्हणजे धार बरोबर धरली. तेव्हापासून पोरगी प्रत्येक वळणानंतर मागे वळून बर्फ बघते. ऑर्सर शिकवतो त्या टोरांटो क्रिकेट क्लबमध्येही (नाव क्रिकेटचं, पण तिथे स्केटिंगही चालतं) ट्रेसी विल्सन, १९८८ च्या ऑलिंपिकची आइस डान्समधली (जोडीने बर्फावर नाचण्याच्या प्रकारातली) कांस्यविजेती, मोठमोठ्या खेळाडूंकडून हेच घसरणं घोटून घेते, हे कळल्यावर आमची तक्रार संपली.

पुण्याहून
मी रोलर स्केटिंग शिकवते. सोचीच्या ऑलिंपिकमध्ये २०१४ ला ऑर्सरचा जपानी शिष्य हान्यू जिंकला आणि त्याचाच स्पॅनिश शिष्य हावियर फर्नांडेझ १.१८ गुणांनी कांस्य हुकून चौथा आला. माझ्याही दोन मुली एकाच गटात उतरतात. निकालानंतर मी आधी हरलेलीकडे जाते. जिंकलेलीभोवती गर्दी असतेच. गुणांची वाट बघताना ऑर्सर त्या-त्या खेळाडूच्या देशाचं जॅकेट घालून त्याच्या शेजारी बसतो, ते मला फार भावतं. २०१८ च्या ऑलिंपिकला हान्यू आणि फर्नांडेझ दोघंही पदकमंचावर होते, सुवर्ण आणि कांस्य. मी रडले.

नागपूरहून
चांगला खेळाडू चांगला शिकवतोच असं नाही. माझे बॅडमिंटनचे सर राज्य विजेते. फटका मारून दाखवायचे, पण माझा कुठे चुकतोय ते त्यांना सांगता यायचं नाही. ऑर्सरनेही किमच्या आधी पूर्णवेळ कोचिंग केलं नव्हतं, शोमध्येच स्केटिंग करायचा. पण लहानपणापासून कॅलगरीपर्यंत त्याला डग ली या एकाच कोचने घडवलं. शिकवणं तो तिथेच बघून शिकला असणार, असं मला वाटतं.