पावसाचा अंदाज आणि वालुकाश्माचे सुळके

दादा: शनिवारी ड्रेस्डेनला पोचतोय. रविवार-सोमवार जर्मनीतल्याच सॅक्सन स्वित्झर्लंडमध्ये, तिथल्या खडकाच्या सुळक्यांवर चढाई. शनिवारी रात्री पाऊस दिसतोय, पण रविवारी ऊन आहे. दुपारपर्यंत वाळेल ना?

ताई: नाही दादा, रविवार सोडूनच दे. तो आपला बेसाल्ट नाही, वालुकाश्म आहे. वरून कोरडा दिसतो, पण आत पाणी मुरलेलं असतं आणि ओला असताना तो फार कमकुवत होतो. होल्ड, म्हणजे पकडायचा कंगोरा, तुटून हातात येतो. माणूस पडतो ते वेगळंच, पण तो होल्ड सगळ्यांसाठी कायमचा जातो. म्हणून ओल्या खडकावर चढायला तिथे नियमानेच मनाई आहे. सुळक्याच्या पायथ्याची वाळू उकरून बघ. ओलसर लागली तर दोर बाहेरच काढू नकोस.

दादा: बरं. फटीत अडकवायचे कॅम आणि नट, शिवाय हाताला लावायची चॉक पावडर घेतलीय.

ताई: तिन्ही घरी ठेव. धातूचं काहीही फटीत अडकवायचं नाही, चॉक पावडरही चालत नाही. गाठी मारलेले स्लिंग, म्हणजे दोरीचे फास, फटीत बसवतात, शिवाय खडकात दोर अडकवायला मोजक्या पक्क्या रिंगा असतात. दोन रिंगांमधलं अंतर बघून धडकी भरते. चढायचं तेही सुट्या सुळक्यांवरच, अखंड कड्यांवर नाही. बाड शांडाउ गावच्या लोकांनी 1864 मध्ये फाल्कनश्टाइन हा सुळका सर केला, तिथून ही परंपरा सुरू झाली. एखादा स्थानिक जोडीदार घेऊनच जा. स्लिंग कुठे धरेल हे त्यांनाच कळतं.

आत्या: आमचं काय? तुझ्या काकांचे गुडघे दुखतात.

ताई: आत्या, बास्टाय पूल बघा. 1851 चा दगडी पूल आहे, खाली एल्ब नदी. गाडी बरीच वरपर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी बाड शांडाउहून किर्निट्श खोऱ्यातली ट्राम घ्या. श्रामश्टाइन खडकांवरच्या लोखंडी शिड्या मात्र काकांना नको, त्यातून ओल्या असतील तर मुळीच नको.

आत्या: फोटोत झाडं वाळलेली का दिसतात गं?

ताई: ते स्प्रूस, सूचिपर्णी झाडं. लाकडासाठी एकाच जातीची लावलेली. 2018 पासूनच्या दुष्काळात साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी खाल्ली. राष्ट्रीय उद्यान असल्याने बरीचशी तशीच उभी ठेवलीत, खाली नवं जंगल आपोआप उगवतंय. मला ते बघायला फार आवडतं. पण ही झाडं अचानक कोसळतात, त्यामुळे बंद वाटेवर जाऊ नका. आणि जंगलात काडीसुद्धा पेटवायची नाही. 2022 मध्ये सीमेपलीकडे, चेक बाजूला 1000 हेक्टरहून जास्त जंगल जळालं.

दादा: चढाई बुधवारवर ढकलतो. रविवारी आत्या-काकांबरोबर बास्टायला येतो.