साका फेकू नका, पण ताजा असेल तरच वापरा
जांभळाच्या वाईनखालचा साका (तळाशी बसलेला गाळ, ज्यात वाईन आंबवणारं यीस्ट असतं) अननसाच्या वाईनला विरजण म्हणून चालेल का, असं विचारलंय. चालेल, पण वाईन पहिल्यांदा निथळून काढल्यावर लगेच. महिनोन्‌महिने बरणीत पडलेल्या साक्यात जिवंत यीस्ट फारसं उरत नाही. अगदी तळाला असतो तो फळाचा चोथा; त्यावरचा मऊ, फिकट जांभळट थर तेवढा अलगद चमच्याने घ्या. उकळून कोमट केलेल्या साखरपाण्यात अननसाचा थोडा रस घालून त्यात तो सोडा. छान फेस धरला तरच मोठ्या बरणीत ओता. अननसाला जांभळाचा रंग थोडा लागणारच, म्हणून मी नेहमी फिकट फळाकडून गडद फळाकडे जाते. आणि साक्याला व्हिनेगरचा वास येत असेल तर कृपा करून तो फेकाच, नाहीतर नवी वाईनही आंबट होईल.