प्रतिसाद : मगरीचं कातडं की छाप?

बँकॉकहून आणलेली 'मगरीची' पर्स खरी की गाईच्या कातड्यावर उठवलेला छाप, असं वर विचारलंय. भिंग घ्या आणि एकेक खवला बघा. मगरीच्या पोटाकडच्या जवळजवळ प्रत्येक खवल्यावर कडेजवळ टाचणीने टोचल्यासारखा एक ठिपका असतो. ते तिचं स्पर्शाचं इंद्रिय. मगरीसारख्याच दिसणाऱ्या अमेरिकन ॲलिगेटरला हे ठिपके फक्त जबड्याभोवती असतात, त्यामुळे त्याच्या पोटाच्या कातड्यावर ते दिसत नाहीत; तिथे कधीकधी बेंबीचा लांबट, जाळीदार व्रण सापडतो. ॲलिगेटरच्याच कुळातल्या केमनच्या पोटाच्या खवल्यांतही हाडं असतात, म्हणून ते कातडं खडबडीत, खळगे पडलेलं दिसतं. स्वस्त मालात बहुधा हेच.

छापात ठिपकेही उठवतात, म्हणून नुसत्या ठिपक्यावर विसंबू नका. तीच नक्षी थोड्या अंतरावर हुबेहूब पुन्हा आली तर तो छापच. अजगराच्या कातड्यावर उलट्या दिशेने बोट फिरवलं की खवल्यांच्या कडा लागतात.

आणि कळकळीने सांगतो, घोरपडीचं कातडं कोणी दिलं तर घेऊ नका. घोरपड, अजगर आणि मगर तिन्ही १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परदेशातून आणलेल्या पर्सलाही साइट्सचा (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागू शकतो. तो दुकानदाराने दिला होता का?