लातूरमध्ये प्रॉपर्टी एजंटचं काम सुरू करायचंय, पहिली गिऱ्हाइकं कुठून आणू?

खाडगाव_रोड
नमस्कार मंडळी. मी लातूरची. इथल्याच एका कोचिंग क्लासच्या प्रवेश काउंटरवर नोकरी करते. दहावीचा निकाल लागला की परभणी, हिंगोली, बीड, कुठून कुठून आईबाप लेकरांना घेऊन येतात. फीची पावती हातात पडली की पुढचा प्रश्न ठरलेला, "मॅडम, रूम कुठं मिळंल?" मी ओळखीच्या घरमालकांचे नंबर देते, तेही फुकट. मागच्या सीझनला एका मालकीणबाईंनी आपणहून साडी नेसवली, तेव्हापासून आमचे मिस्टर म्हणायलेत की हेच काम रीतसर कर.

आता प्रश्न. रूम भाड्यानं देण्यापासून सुरुवात करू की थेट प्लॉट-फ्लॅटच्या खरेदी-विक्रीत पडू? रेराची, म्हणजे घरबांधणी-विक्रीवरच्या कायद्याची, नोंदणी लागते का? ऑफिस टाकायला भांडवल नाही, स्कूटी आणि फोन आहे. शिवाय या धंद्यात इथं बायका दिसतच नाहीत, तेही डोक्यात आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

जुना_मध्यस्थ
ताई, आम्ही चौकात बोर्ड लावून ज्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो ते तुमच्या काउंटरवर रांगेत उभं आहे. नवीन गिऱ्हाईक शोधायचा विचार सोडा, आहे त्याची वही करा. पालकाचं नाव, गाव, लेकरू कितवीला, बजेट, मुलगा की मुलगी, मेस पाहिजे की डबा. एवढं लिहिलेलं असलं की अर्धा धंदा उभा राहिला.

मात्र एक आधी करा. क्लासच्या मालकाला सांगून करा. पुष्कळ क्लासवाल्यांचं स्वतःचं होस्टेल असतं नाहीतर होस्टेलवाल्याशी बांधलेलं असतं. तुम्ही पाठीमागून धंदा करताय असं कानावर गेलं तर नोकरीही जाईल आणि ट्युशन एरियात नावही खराब होईल. होस्टेल भरल्यावर उरलेले पालक तुमच्याकडं पाठवायचे असं उघड ठरवून घ्या.

दुसरं म्हणजे दर रूमची माहिती स्वतः जाऊन काढा आणि पाण्यापासून सुरू करा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आपल्या गावावर आली होती, ते बाहेरगावच्या पालकांच्या अजून लक्षात आहे. बोअर आहे का, उन्हाळ्यात टिकतो का, नळ किती दिवसाला येतो, टँकरचे पैसे मालक देतो की पोरांवर वाटतो. मालकाला विचारू नका, वर राहणाऱ्या पोरांना विचारा. ही चार वाक्यं तुम्ही न विचारता सांगितली की पालक दुसऱ्या एजंटाकडं जात नाही.

पैशाचं म्हणाल तर पुण्यात एक महिन्याचं भाडं घेतात म्हणून इथं मागायला जाऊ नका. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराचा बाप तेवढं देणार नाही, आणि देऊही नये. घरमालकाकडून घ्या. त्याची रूम जूनमध्येच भरली तर वर्षाची काळजी मिटते, त्याला ते परवडतं. जुलै संपला की मात्र कोणी विचारत नाही, हे धरून चला.

आणि प्लॉट-फ्लॅटची घाई कशाला? तो धंदा याच वहीतून निघतो. पोरगं अकरावी-बारावी दोन वर्षं, वर एखादं वर्ष रिपीट, तोवर पाठची बहीण दहावी होऊन येते. असा पालक दुसऱ्या वर्षी आपणहून विचारतो, भाडं भरत बसण्यापेक्षा छोटा फ्लॅट बघू का. त्यातले बरेच गुरुजी, डॉक्टर नाहीतर मोंढ्यातले आडते असतात. त्यांना लोन मिळतं.

बीडबायपास_वाला
जुन्या लोकांचं ठीक आहे, पण आता वही नाही, रील चालते. आमच्या संभाजीनगरला शेंद्रा-बिडकीनमध्ये ऑरिक या औद्योगिक शहराची कामं आणि २०२४ ला टोयोटाच्या कारखान्याची घोषणा, यावर नुसतं "इन्व्हेस्टमेंट" म्हणून रील टाकली तरी फोन थांबत नाहीत. ताई, एक चांगला माईक घ्या, ड्रोनवाला पकडा, रोज एक व्हिडिओ. पोर्टलवर पैसे भरून लीड, म्हणजे गिऱ्हाइकांचे नंबर, घ्या.

जुना_मध्यस्थ
फोन येतात हो, सौदे किती होतात ते पण सांगा. "लोकेशन टाका", "लास्ट रेट काय", "जरा विचारून सांगतो", याच्यात दिवस जातो. आणि बिडकीनच्या नावाखाली तिथून लई लांबचं माळरान विकणाऱ्यांच्या रील मीही बघायलोय.

बीडबायपास_वाला
काका, ते सगळीकडंच आहे. मी मंजूर लेआउटच दाखवतो.

परीक्षा_दिलेली
रेराचं मी सांगते, कारण यात लोक अर्धवट बोलतात. कायदा २०१६ चा, महारेरा म्हणजे आपल्या राज्याचं प्राधिकरण २०१७ पासून. महारेराकडं नोंदणी झालेल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा असेल तर एजंटची नोंदणी पाहिजेच. रूम भाड्यानं लावून देणं त्यात येत नाही. जुनं घर एका मालकाकडून दुसऱ्याला, तेही नोंदणीकृत प्रकल्पातलं नसेल तर येत नाही. म्हणजे तुम्ही आज रूमचं काम सुरू करू शकता.

पण नवीन बिल्डरच्या साइटवर गिऱ्हाईक नेऊन कमिशन घ्यायचं असेल त्या दिवसाआधी नोंदणी करा. आधी २० तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, पास झाल्यावर सक्षमता प्रमाणपत्र आणि त्यावर नोंदणी. १ जानेवारी २०२४ पासून हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. एकट्या व्यक्तीची नोंदणी फी १०,००० रुपये, मुदत ५ वर्षं. कंपनी किंवा भागीदारीच्या नावानं केली तर फी एक लाख, म्हणून सुरुवातीला स्वतःच्याच नावानं करा. नोंदणीशिवाय काम केलं तर दंड रोजच्या १०,००० रुपयांनी वाढत जातो.

परीक्षेला घाबरू नका. पाठांतरापेक्षा कार्पेट एरिया कसा मोजतात, करारनाम्यात काय असतं, बिल्डरनं ग्राहकाचे पैसे कुठल्या खात्यात ठेवायचे, असलं विचारतात. ते आलं की साइटवरच्या सेल्समनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं आणि गिऱ्हाइकाला ते लगेच जाणवतं.

पूर्णाकाठी
ताई, माझा भाचा यंदा अकरावीला येतोय. दोघांची रूम, पाणी चोवीस तास, शक्यतो सिग्नल कॅम्पच्या बाजूला. आहे का नजरेत?

खाडगाव_रोड
आहे. मेसेज करते. बाकी सगळ्यांचे आभार, फार कामाचं सांगितलंत. अजून दोन शंका. एक, मी जागा दाखवली आणि मालक-गिऱ्हाईक परस्पर भेटून मोकळे झाले तर माझे पैसे कसे मिळणार? दोन, साइट गावाबाहेर असतात, अनोळखी पार्टीबरोबर एकटीनं जायचं कसं?

सिडकोतली_ताई
दुसऱ्याचं आधी. मी संभाजीनगरला हेच काम करते. अनोळखी पार्टी पहिल्यांदा साइटवर भेटवायचीच नाही. आधी बँकेत, नाहीतर वर्दळीच्या हॉटेलात चहाला बोलवायची, सोबत घरचं कोणीतरी येऊ द्या म्हणायचं. ज्याला खरंच घर घ्यायचंय तो बायकोला घेऊन येतो. जो एकटाच येतो आणि संध्याकाळचीच वेळ मागतो, त्याला मी साइट दाखवत नाही, मग तो कितीही मोठी रक्कम बोलो. साइटला आपल्या गाडीवर जायचं, त्याच्या गाडीत बसायचं नाही.

आणि बाई असण्याचा फायदाच जास्त आहे. पुरुष एजंट नवऱ्याशी दराचं बोलत बसतो. स्वयंपाकघरात उजेड येतो का, भांडी घासायला जागा कुठं, शेजारी कोण राहतं, हे त्याला विचारूनही सांगता येत नाही. घराचा निर्णय तिथं होतो. अजून एक, घर किंवा फ्लॅट बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मोकळ्या प्लॉटला ती नाही. हे पहिल्याच भेटीत सांगा, बाई तुमच्या बाजूची होते.

पैसे बुडायचं म्हणाल तर काही बुडतात, ते धरूनच चालायचं. पण जागा दाखवण्याआधी एक मेसेज टाकायचाच, "आज अमुक जागा दाखवत आहे, व्यवहार झाल्यास दलाली इतकी, निम्मी इसाराला, निम्मी रजिस्ट्रीला." समोरून "ओके" आलं की मगच चाव्या. तोंडी ठरलेली टक्केवारी रजिस्ट्रीच्या दिवशी कोणालाच आठवत नाही. साखळीत मध्ये अजून दोन एजंट असतील तर कोणाला किती, तेही त्याच दिवशी लिहून घ्या. सगळी भांडणं तिथंच होतात.

दुय्यम_निबंधकासमोर
मी वकील आहे, टेबल रजिस्ट्री ऑफिसबाहेर. वर सगळे गिऱ्हाईक कसं आणायचं ते बोललेत. आलेलं गिऱ्हाईक टिकतं ते कागदावर, म्हणून जरा लांबण लावतो.

दलालाकडून लोकांना जागा पाहिजे असते हे अर्धच खरं. जागा तर सगळ्यांनाच दिसते. ती अडकलेली आहे का, हे सांगणारा माणूस पाहिजे असतो. सातबारा वाचायला शिका. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. नाव बघून थांबू नका, "इतर हक्क" वाचा. बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज, कूळ, कोर्टाचा मनाई हुकूम सगळं तिथं असतं. मग फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, मागे मागे वाचत जा. "भोगवटादार वर्ग २", म्हणजे सरकारी अटींवरची जमीन, दिसलं तर परवानगीशिवाय विक्री नाही.

आपल्या मराठवाड्यात त्यात अजून एक थर आहे, तो पुण्यामुंबईच्या सल्ल्यात सापडणार नाही. निजाम राजवटीतल्या इनाम जमिनी. मदतमाश, खिदमतमाश असे शेरे दिसले की थांबायचं आणि वकिलाला दाखवायचं. मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे देवस्थानच्या सेवेसाठी दिलेली जमीन, ती कसणारा पिढ्यान् पिढ्या कसत असला तरी साध्या खरेदीखतानं विकता येत नाही. कुळाच्या बाबतीतही इथं हैदराबादचा १९५० चा कुळकायदा लागतो, मुंबईचा १९४८ चा नाही.

प्लॉटिंगचं: "बाँडवर" प्लॉट विकणाऱ्याच्या नादी लागू नका. शेतजमिनीचे तुकडे पाडून नोटरीवर दिलेला दीड-दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे मालकी नाही. तुकडेबंदीत, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्यात, २०२३ पासून प्रमाणभूत (किमान) क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. गुंठेवारी, म्हणजे विनापरवानगी पाडलेले गुंठ्यांचे प्लॉट, नियमित करायचा कायदा २००१ चा, त्याची मुदत पुढं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. म्हणून "होऊन जाईल गुंठेवारी" असं सांगून आज पाडलेला प्लॉट विकणारा खोटं बोलतोय. कमिशन या प्लॉटांवर सगळ्यात जास्त मिळतं, त्याचं कारणही हेच.

इसाराचे पैसे स्वतःच्या खात्यात कधीच घेऊ नका. पार्टीच्या खात्यातून मालकाच्या खात्यात. आणि २० हजार किंवा त्यावर रोख नको, इन्कम टॅक्सला चालत नाही.

पुण्यातला_लातूरकर
गिऱ्हाईक म्हणून लिहितो. माझ्यासारखे हडपसर-वाघोलीत राहणारे पुष्कळ आहेत, ज्यांचा औसा रोडला नाहीतर बार्शी रोडला एक प्लॉट पडून आहे. शेजारच्यानं कुंपण दोन फूट आत घेतलं तरी आम्हाला दिवाळीला कळतं. कोणी दर तीन महिन्यांनी प्लॉटचा फोटो पाठवला, मोजणीच्या वेळी हजर राहिलं, घरपट्टी भरून पावती टाकली, तर मी त्याला आनंदानं पैसे देईन. विकायची वेळ आली तर दुसऱ्या कोणाला फोनही करणार नाही. आमचे गाववाल्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, तिथं "अमुक प्लॉट फक्त इतक्यात" असल्या जाहिराती टाकू नका, लगेच काढून टाकतात. कोणी काही विचारलं तर उत्तर द्या.

खाडगाव_रोड
हे कुंपणाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. क्लासच्या सरांशी बोलले, ते हो म्हणाले, फक्त मुलींचं होस्टेल भरेपर्यंत मुलींना बाहेर पाठवायचं नाही ही अट. मान्य केली. यंदाचा सीझन रूमचाच करते, पावसाळ्यात रेराचं प्रशिक्षण.

वकीलसाहेब, लगेच एक शंका. चुलत सासऱ्यांच्या ओळखीत एका भावानं रस्त्यालगतची वडिलोपार्जित जमीन विकायला काढलीय. सातबाऱ्यावर दोघा भावांचीच नावं आहेत. तीन बहिणी दिल्या घरी. तो म्हणतो बहिणी आपल्याच आहेत, सही करतील, तुम्ही आत्ता इसार करून टाका.

दुय्यम_निबंधकासमोर
इसार नको. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा मुलांइतकाच हक्क, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलंय, आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तो जात नाही. आधी फेरफार काढून बघा, वडील वारल्यावर वारसांत बहिणींची नावं लागली होती का आणि लागली असतील तर ती कशानं कमी झाली. नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर ते मागा. नुसत्या साध्या अर्जावर किंवा जबाबावर नाव कमी केलं असेल तर त्याच्यावर विसंबू नका. तिन्ही बहिणींना खरेदीखतात लिहून देणार म्हणून घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांना आधी एकदा स्वतः भेटा, भावासमोर नाही. एखादी म्हणते मला पैसे नकोत पण जमीन विकू नका, तेव्हा सौदा तिथंच संपतो.

मालक म्हणेल दसऱ्याचा मुहूर्त जातोय, दुसरी पार्टी तयार आहे. जाऊ द्या. पाडव्याला करू म्हणावं.